आपोआप, पण कुणाच्या खात्यातून?

वीजबिल, मोबाइलचं रिचार्ज, विम्याचा हप्ता, कर्जाचा हप्ता, मुलांची फी. ठरल्या तारखेला हे सगळं बँकेच्या खात्यातून आपोआप कापलं जावं. रांग नको, तारीख चुकायला नको, दंड नको. बँकेतले साहेब हेच सांगतात, विम्याचा एजंट हेच सांगतो, आणि शिकलेली मुलंही आईला हेच सांगतात. सोय आहे, हे मलाही मान्य आहे. वीजबिल भरायला गावाहून मालेगावला यायचं म्हणजे बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते आणि ऑटोचं भाडं जातं ते वेगळंच. ते वाचत असेल तर कुणाला नको आहे?

पण 'आपोआप' या शब्दाशी आपली जुनी ओळख आहे. घरात आपोआप काय होतं, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे. स्वयंपाक आपोआप होतो, पाणी आपोआप भरलं जातं, म्हातारी माणसं आपोआप सांभाळली जातात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. जिथे जिथे काही आपोआप होताना दिसतं तिथे कुणाचे तरी हात असतात, आणि कुणाच्या तरी हातात दोरी असते. बिलांच्या बाबतीतही मला हेच दोन प्रश्न पडतात. पैसे कुणाचे कापले जातात, आणि कापायचे की नाही हे कोण ठरवतं?

मी लिहिते आहे ते वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून. मालेगाव म्हटलं की सगळ्यांना नाशिककडचं यंत्रमागाचं मालेगाव आठवतं. आमचं हे अकोला-वाशीम रस्त्यावरचं. शिरपूर, मेडशी, किन्हीराजा, जऊळका ही आमची गावं. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, त्याच्या मोबदल्याचे पैसेही बँकेत आले, पण ते ज्यांची नावं सातबाऱ्यावर होती त्यांच्या खात्यात. बाकीच्यांचं पोट सोयाबीन, तूर, हरभरा आणि मजुरीवर. इथलं उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येत नाही. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, तूर-हरभऱ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले महिने उसनवारीचे. आपोआप कापणीची सगळी व्यवस्था मात्र पगारदार माणूस डोळ्यापुढे ठेवून केलेली आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. कास्तकाराच्या घरात ती बसवली की काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगते.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाली. वर्षाला ३३० रुपये हप्ता, १ जून २०२२ पासून तो ४३६ झाला. विमाधारक कुठल्याही कारणाने गेला तर वारसाला दोन लाख. सोबतची सुरक्षा विमा योजना अपघातासाठी, तिचा हप्ता १२ होता, तो २० झाला. दोन्ही योजना चांगल्या आहेत, गरिबाला परवडणाऱ्या आहेत, आणि दोन्हींचा हप्ता खात्यातून आपोआपच कापला जातो. कधी? मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कारण विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं.

आता मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे काय असतं, हे वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला विचारा. मृग तोंडावर आलेला असतो. बियाणं, खत, वखरणीचे पैसे. शाळा उघडायच्या असतात. घरातला पैसा न् पैसा काढून कृषी केंद्रात गेलेला असतो. वर्षातल्या ज्या आठवड्यात कास्तकाराचं खातं सगळ्यात रिकामं, नेमका तोच आठवडा कापणीचा! ज्याने तारीख ठरवली त्याला शेतीचं कॅलेंडर माहीत नव्हतं, की माहीत असूनही त्याने पाहिलं नाही, देव जाणे.

तालुक्यातल्या एका बाईचं पासबुक मी पाहिलं आहे. नवऱ्याचं आणि तिचं जोडखातं. सलग चार वर्षं मे महिन्यात हप्ता कापलेला दिसतो. पाचव्या वर्षी मेअखेरीला शिल्लक होती शंभराच्या आसपास. हप्ता कापला गेला नाही, विमा बंद पडला. कुणी सांगितलं नाही. निरोप गेला असेल तर तो नवऱ्याच्या फोनवर, आणि तो फोन रिचार्ज नसल्याने बंद होता. त्याच पावसाळ्यात नवरा गेला. ती बँकेत गेली तेव्हा तिला पासबुकातली ती रिकामी ओळ दाखवण्यात आली. चार वर्षं पैसे भरले ते काहीच नाही का, असं तिने विचारलं. नियमाप्रमाणे काहीच नाही. तो विमा वर्षावर्षाचा असतो. हप्ता चुकला तर मागाहून पुन्हा सामील होता येतं, पण मग अपघात सोडून इतर मृत्यूंसाठी पहिले तीस दिवस संरक्षण नसतं. हे सगळं कागदावर आहे. बाईच्या हातात तो कागद कुणी दिला नाही, कारण 'आपोआप आहे, तुम्हाला काही करायचं नाही' हेच तर त्या सोयीचं वर्णन होतं.

याच्या उलट प्रकारही आहे. गटाच्या बैठकीत पासबुकं काढली की दोन-तीन बायका हमखास विचारतात, "बाई, हे ४३६ कायचे कापले वं?" त्यांना आपला विमा आहे हेच माहीत नाही. खातं उघडताना दहा सह्या घेतल्या, त्यात एक तीही होती. अशी बाई उद्या गेली तर तिच्या घरचे दोन लाख मागायला जाणार कसे? म्हणजे एकीचा विमा नाही आणि तिला वाटतं आहे, दुसरीचा आहे आणि तिला ठाऊक नाही. दोघींच्याही खात्यात व्यवहार आपोआपच चालला होता.

आता फोनाकडे येऊ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ७८.६ टक्के बायकांनी सांगितलं की आपलं बँकेत खातं आहे आणि आपण ते स्वतः वापरतो. स्वतः वापरते असा मोबाइल आहे असं सांगणाऱ्या मात्र ५४ टक्केच. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपला सगळा विषय मावतो. खातं बाईचं, पण खात्याला जोडलेला नंबर नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा. रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आणि यूपीआयवरून होणाऱ्या आपोआप कापणीला १ ऑक्टोबर २०२१ पासून बरेच चांगले नियम लावले आहेत. कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना द्यायची. पंधरा हजारांच्या वरची रक्कम असेल तर बहुतेक बाबतीत दरवेळी नव्याने मंजुरी घ्यायची. दिलेली परवानगी ग्राहकाला केव्हाही मागे घेता आली पाहिजे. उत्तम. पण सूचना फोनवर, मंजुरी फोनवर, परवानगी मागे घेणं तेही फोनवर. मी एका बाईला विचारलं, तुम्हाला मेसेज आला नाही का? ती म्हणाली, "मले काय मालूम वं बाई, थो फोनवर येते, अन् फोन त्यायच्याजवळ."

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईला गेलेला नवरा मनीऑर्डर पाठवायचा. पोस्टमन दारात यायचा, पैसे तिच्या हातात पडायचे, अंगठा तिचा किंवा सही तिची. सासू शेजारी उभी असायची आणि त्यातले निम्मे तिच्याकडे जायचे, हे खरं. त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. पण आलेले किती आणि गेले कुठे, हे घरातल्या बाईला कळत होतं. आता नवरा तिथे बसून इथलं वीजबिल भरतो, डिशचं रिचार्ज करतो, तिच्या फोनचंही करतो. एकदा आपोआपवर टाकलं की त्यालाही लक्ष द्यावं लागत नाही. सगळं सुरळीत चालू असतं तोवर हे फार बरं दिसतं. भांडण झालं की तो फोनवर एक बटण दाबतो आणि ते बंद करतो.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आमच्याकडे आलेल्या एका मुलीचं आधी रिचार्ज बंद झालं, मग डिश बंद झाली, मग दोन महिन्यांनी वीज तोडायला माणूस आला. नवऱ्याने तिला हात लावला नाही, शिवी दिली नाही, घराबाहेर काढलं नाही. तिच्या माहेरच्यांना तर बराच काळ कळेचना की हिची तक्रार नेमकी काय आहे! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक छळ ही हिंसा मानली आहे. घरातल्या ज्या सोयीसुविधा वापरण्याचा बाईला हक्क आहे त्या अडवणं हेही त्यात येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार लिहून देताना 'वीजबिलाचा भरणा बंद केला' हे वाक्य घालायला आपण शिकलं पाहिजे. मारहाणीच्या खुणा दाखवता येतात तशाच या कापणीच्या तारखाही दाखवता येतात, आणि त्या बँकेच्या नोंदीत छापील असतात.

वीज तोडण्याबद्दलही एक गोष्ट पाठ करून ठेवावी. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न तोच विचारायचा, नोटीस दाखवा. अडचण अशी की नोटीस निघते ती ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्या नावाने, आणि मीटर असतं सासऱ्याच्या नावावर, कधी कधी वारून दहा वर्षं झालेल्या सासऱ्याच्या.

आपल्या चळवळीने नावाच्या प्रश्नावर काही कमी काम केलेलं नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेत इथल्या कास्तकारांनी बायकांच्या नावे जमीन केली, १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं परिपत्रक काढलं. २००३ साली घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायचं ठरलं. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी दिली ती बाईच्याच नावावर. चूल तिची म्हणून गॅस तिच्या नावावर, हे त्यामागचं तर्कशास्त्र मला पटत नाही, पण नाव लागलं हे खरं. मीटर मात्र राहून गेलं. ते कुणाला मालमत्ता वाटलंच नाही. टाकलेल्या बाईला राहत्या घराचा पुरावा द्यायची वेळ येते तेव्हा कळतं की पाच वर्षं बिल तिने भरलं आणि पावत्या सगळ्या सासऱ्याच्या नावाच्या आहेत.

आणि आता तर कागदाचं बिलही जाऊ लागलं आहे. कागदी बिल नको म्हणणाऱ्याला महावितरण बिलात सूट देते, ऑनलाइन भरणाऱ्यालाही देते. झाडं वाचतात, चांगलंच आहे. पण वीजबिल हा अनेक घरांत महिन्याच्या महिन्याला येणारा एकमेव सरकारी छापाचा कागद होता. बाई तो खिळ्याला टोचून ठेवायची, युनिट मोजायची, मागच्या महिन्यापेक्षा जास्त आलं तर कुणी किती वेळ पंखा चालवला त्याचा हिशेब घ्यायची. १९७२-७३ च्या दुष्काळात मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, मृणालताई आणि अहिल्याताईंच्या मागे हजारो उभ्या राहिल्या, कारण तेलाचा डबा कितीला आला आणि साखर किती मिळाली हे त्यांना तोंडपाठ होतं. जे बिल आपल्याला दिसलंच नाही ते वाढलं म्हणून मोर्चा काढणार कोण? २०२४ साली प्रीपेड स्मार्ट मीटरवरून राज्यभर ओरड झाली आणि सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं, ते लोकांना बिल दिसत होतं म्हणूनच.

कर्जाच्या हप्त्याचा प्रकार याहून कडक आहे. खाजगी कंपन्या गट करून बायकांना कर्ज देतात. पूर्वी त्यांचा माणूस आठवड्याला गावात यायचा, बायका ओट्यावर जमायच्या, एकीचे कमी पडले तर दुसरी टाकायची. आता बऱ्याच ठिकाणी कर्जाच्या कागदांतच बँकेला द्यायच्या मँडेटवर सही घेतात. मँडेट म्हणजे, अमुक तारखेला अमुक रक्कम माझ्या खात्यातून या कंपनीला द्या, असा तुम्ही तुमच्या बँकेला दिलेला हुकूम. हुकूम तुमचा, पण तो वाचून कुणी दाखवत नाही. खात्यात पैसे नसले की बँक दंड लावते, कंपनीही वेगळा दंड लावते. शे-दोनशे कमी पडले म्हणून दुप्पट-तिप्पट जातात. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५ व्या कलमाने असा हप्ता शिल्लक नाही म्हणून परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा केला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वसुलीवाले याच कलमाची भीती घालतात. ते हे सांगत नाहीत की त्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले तर गुन्हा होत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली हेही ठरवून दिलं आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. एका बाईच्या खात्यावर तीन कंपन्यांचे मँडेट असतील तर हा हिशेब कुणी केला होता, हे विचारायला हवं.

मग २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार खात्यांत पडले. आणि काही बायकांना कळलं की पडले तसेच गेले. किमान शिल्लक नव्हती म्हणून साचलेला दंड, जुन्या कर्जाची थकबाकी, बँकांनी आधी आपलं वळतं करून घेतलं. महिला व बालविकास मंत्र्यांना बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. या योजनेबद्दल माझी मतं फार गोड नाहीत. मजुरीचे दर, रेशन, रोजगार हमी यांच्या जागी पंधराशे रुपये ठेवून सरकारला सुटता येणार नाही. पण ते पैसे बाईच्या नावाने आले होते. तिने मोजायच्या आधीच यंत्राने ते मोजून घेतले. २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी आली तेव्हा नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी लागली. म्हणजे ओटीपी पुन्हा त्याच्याच फोनवर!

संघटनेतल्या एका तरुण मैत्रिणीशी यावर माझा वाद झाला. तिचं म्हणणं, तुम्ही बायकांना तंत्रज्ञानाची भीती घालता, त्यापेक्षा त्यांना फोन शिकवा. शिकवूच, शिकवतोही. पण ती ज्याला भीती म्हणते त्याला मी हिशेब म्हणते. तिच्या घरी पगार दरमहा येतो, फोन तिचा आहे, नवरा विचारूनच खर्च करतो. तिला आपोआप भरणा म्हणजे डोक्यावरचं एक ओझं कमी, आणि ते खरंच कमी होतं. सर्वोच्च न्यायालयात १० जुलै २०२४ च्या पोटगीच्या निकालात न्यायमूर्ती नागरत्ना यांनी नवऱ्यांनी बायकोबरोबर संयुक्त खातं ठेवावं, एटीएम तिलाही वापरू द्यावं, असं लिहिलं. आपल्याच घरात खर्चासाठी हात पसरणाऱ्या बाईची दखल इतक्या वरच्या कोर्टाने घ्यावी, याचा अर्थच असा की अशा बाया खूप आहेत. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा हवा. आधी खातं तिचं, नंबर तिचा, पासबुक तिच्या पेटीत. मग खुशाल आपोआप.

आम्ही तालुक्यात जे सुरू केलं आहे ते साधंच आहे. ज्या बाईला जमेल तिने दोन खाती ठेवायची. ज्यात मजुरी, अनुदान, योजनेचे पैसे येतात त्यावर एकही मँडेट ठेवायचा नाही. ते जनधनचं किंवा मूलभूत बचत खातं असलं की किमान शिलकीचा जाच नाही. हप्ते-बिलं दुसऱ्या खात्यातून, आणि त्यात तेवढेच पैसे टाकायचे. थकलेलं कर्ज मात्र पहिलं खातं असलेल्या बँकेत नसावं, नाहीतर दोन खात्यांचा उपयोग नाही. मग बँकेत लेखी अर्ज द्यायचा: माझ्या खात्यावर कोणकोणते मँडेट आणि स्थायी सूचना आहेत त्यांची यादी द्या. तोंडी मागितली तर 'नंतर या' म्हणतात, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला की यादी निघते असा अनुभव आहे. नको असलेला मँडेट लेखी रद्द करायचा, पण कर्ज अंगावर असताना कंपनीला कळवून आणि हप्ता रोख भरून पावती घेऊनच. रद्द केल्यावरही पैसे कापले गेले तर बँकेने ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत द्यायचे असतात, उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये भरपाईसह. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, १४४४८ हा त्यांच्या चौकशीचा नंबर. मीटरवरच्या नावाची कामं सावकाश चालली आहेत, कारण त्याला घराचा कागद लागतो आणि तिथे पुन्हा सासरे आडवे येतात.

मे महिन्याच्या पहिल्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीने पासबुक भरून आणायचं, आणि ते मोठ्याने वाचायचं. जिचे दोन्ही विमे आहेत तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या खात्यात २० तारखेच्या आत प्रत्येकी ४५६ रुपये आहेत की नाहीत ते पाहायचं. नसले तर गटाच्या अंतर्गत कर्जातून द्यायचे आणि सोयाबीन निघाल्यावर परत घ्यायचे. एका गावात पुरुषांनी विचारलं की आमच्या खात्याची उठाठेव तुम्हाला कशाला? गटाच्या अध्यक्षबाईंनी सांगितलं, दोन लाखांच्या वारस आम्ही आहोत म्हणून.